पोटखराबा

"तेथे काही नाही" हे वाक्य आपल्या मुलखात जितक्या निश्चिंतपणे उच्चारले जाते, तितके दुसरे कोणतेही उच्चारले जात नसेल. कोकणातल्या एखाद्या सड्याविषयी तलाठ्याकडे चौकशी करा; तो दप्तर उघडून बोट ठेवील: पोटखराबा. म्हणजे लागवडीच्या उपयोगाची नाही ती, अर्थात हिशेबाबाहेरची जमीन. तेथे खाण काढू पाहणाऱ्या गृहस्थांना विचारा, ते हसून म्हणतील, "अहो, नुसता काळा कातळ! तेथे काही नाही." दिल्लीचे भूमिसंसाधन खाते पडीक जमिनींचे नकाशे प्रसिद्ध करते, त्यांत उघड्या खडकाळ जमिनीसाठी पडीकांच्या पंगतीत एक पाट मांडूनच ठेवलेला असतो. ही सारी मंडळी जुनी आहेत व त्यांच्या बोलण्याची आपल्याला सवय झाली आहे. परंतु अलीकडे त्यांच्या बाजूने साक्ष द्यायला एक नवा, इस्त्रीचे कपडे घातलेला साक्षीदार उभा करण्यात येऊ लागला आहे. तो म्हणजे संगणकाने रंगवलेला जीवजातींचा नकाशा.

मी स्वतः हे नकाशे करणाऱ्यांपैकी एक आहे. तेव्हा साक्षीदाराशी माझे भांडण नाही. तो बिचारा विचारले तेवढ्याचेच उत्तर देतो. माझे भांडण आहे ते त्याच्या तोंडी नको ती वाक्ये घालणाऱ्या वकिलांशी. आणि त्या वकिलांना गप्प राहून साथ देणाऱ्या माझ्याच जातभाईंशी.

हा नकाशा कसा तयार होतो ते आधी सांगतो. कृती अनारशांइतकी अवघड नाही. एखादा पक्षी, बेडूक किंवा फुलझाड जेथे जेथे आढळल्याची नोंद आहे, ती ठिकाणे गोळा करायची. त्या प्रत्येक ठिकाणी पाऊस किती पडतो, उन्हाळ्यात पारा कोठवर चढतो, समुद्रसपाटीपासून उंची किती, झाडी दाट की विरळ, ही माहिती उपग्रहांच्या व हवामानाच्या आकड्यांतून काढायची. मग यंत्राला म्हणायचे, बाबा रे, अशीच आणखी ठिकाणे कोठे असतील ती दाखव. यंत्र साऱ्या मुलखाचे चौकोन पाडते आणि प्रत्येक चौकोनाला शून्यापासून एकपर्यंत गुण देते. जास्त गुणांचे चौकोन लाल, कमी गुणांचे निळे. २००६ साली अमेरिकेतील तिघा अभ्यासकांनी या कामासाठी 'मॅक्सेंट' नावाची रीत प्रसिद्ध केली आणि बघता बघता ती जगभर पसरली. ती इतकी लोकप्रिय होण्याचे एक कारण मोठे मासलेवाईक आहे. तिला 'आहे' एवढ्याच नोंदी पुरतात, 'नाही'च्या नोंदी लागत नाहीत. आणि संग्रहालयांच्या कपाटांत सगळ्या 'आहे'च्याच नोंदी! मारलेल्या पाखराच्या पायाला चिठ्ठी बांधता येते. न सापडलेल्या पाखराच्या पायाला ती कशी बांधणार?

थोडक्यात ही पत्रिका जुळवण्याची विद्या आहे. छत्तीसांपैकी तीस गुण जमले तर स्थळ बघून यायला हरकत नाही, एवढेच ती सांगते. पण स्थळ बघायला न जाताच कोणी अक्षता वाटू लागला, किंवा गुण बाराच जमले म्हणून त्या घरात मुलगीच नाही असे म्हणू लागला, तर त्याला आपण काय म्हणू? आमच्या व्यवसायात त्याला तज्ज्ञ म्हणतात.

येथे रानपिंगळ्याची हकीकत मुळापासून सांगणे भाग आहे. ती आपल्या खानदेशातली आहे, आणि एका कागदाच्या चिठ्ठीने किती घोटाळा होऊ शकतो हे तिच्याइतके दुसरे काही शिकवत नाही.

पिंगळा तुम्हाला ठाऊक आहे. गावातल्या चिंचेवर, देवळाच्या वळचणीला बसून संध्याकाळी भांडणारी ती छोटी घुबडे. रानपिंगळा हा त्याचाच भाऊबंद. अंगाने थोडा थोराड, डोक्यावरचे ठिपके पुसल्यासारखे. आजच्या छत्तीसगडात १८७२ साली ब्लेविट नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याला तो मिळाला, आणि दुसऱ्या वर्षी अ‍ॅलन ऑक्टेव्हियन ह्यूम यांनी त्याचे वर्णन छापून त्याला ब्लेविटचे नाव दिले. (हेच ह्यूम पुढे काँग्रेसच्या स्थापनेत पुढाकार घेणारे. एका माणसाने काय काय करावे!) नंतर खानदेशात शहादे-तळोद्याच्या बाजूला जेम्स डेव्हिडसन या सनदी अधिकाऱ्याने काही पिंगळे मारून कातडी पेंढा भरून ठेवली. त्यांतले शेवटचे १८८४ सालचे. त्यानंतर पाखरू गडप. जगातल्या साऱ्या संग्रहालयांत मिळून जेमतेम सात कातडी उरली.

त्या सातांपैकी एक मात्र १९१४ सालचे म्हणून मिरवत होते. ते गुजरातेत तापीकाठी मांडवीला मिळाल्याचे चिठ्ठीवर लिहिले होते, आणि लिहिणारा होता कर्नल रिचर्ड माइनर्ट्झहागेन. हा मोठा नामांकित गृहस्थ; शिपाईगडी, हेर आणि पक्षिशास्त्रज्ञ. लंडनच्या संग्रहालयाने १९१९ साली त्याला पक्ष्यांच्या दालनात पाऊल ठेवायची दीड वर्ष बंदी केली होती, कारण परवानगीवाचून त्याने तेथले नमुने बाहेर नेले होते. पण मोठ्या माणसांच्या अशा गोष्टी जग विसरते. त्याची चिठ्ठी सर्वांनी वेदवाक्य मानली. पाखरू १८८४ नंतर तीस वर्षांनीही होते, आणि होते ते गुजरातेत, असे धरून पुढची सगळी शोधाशोध झाली. सलीम अली आणि डिलन रिप्ले यांच्यासारखी माणसे शोध घेऊन रिकाम्या हातांनी परतली. हळूहळू पुस्तकांतून 'बहुधा नामशेष' असा शेरा पडू लागला.

शेवटी पामेला रासमुसेन या अमेरिकन विदुषीने आणि नायजेल कॉलर यांनी त्या कातड्याचीच झडती घेतली. क्ष-किरणांनी आतली शिवण व भरण पाहिली. तो हात डेव्हिडसनचा निघाला! कर्नलसाहेबांनी डेव्हिडसनचा पिंगळा लांबवून, तो पुन्हा भरून, त्याच्या पायात स्वतःची चिठ्ठी अडकवली होती. पाखरू खानदेशचे, साल एकोणिसाव्या शतकातले; मांडवीही खोटी आणि १९१४ही खोटे. रासमुसेनबाईंनी मग ती चिठ्ठी केराच्या टोपलीत टाकली आणि फक्त खऱ्या चिठ्ठ्या हाती घेऊन त्या बेन किंग व डेव्हिड अ‍ॅबट या दोघांसह हिंदुस्थानात आल्या. आधी पूर्वेकडची ठिकाणे धुंडाळली, मग खानदेशची वाट धरली. २५ नोव्हेंबर १९९७ रोजी सकाळी शहाद्याजवळच्या रानात एका उघड्या फांदीवर रानपिंगळा बसलेला होता.

एकशे तेरा वर्षे! आणि लक्षात घ्या, हे काही अमावस्येला बिळातून डोकावणारे जनावर नव्हे. घुबडांच्या कुळात जन्मूनही हा पिंगळा दिवसाढवळ्या हिंडतो, वाळक्या शेंड्यावर बसून ऊन खातो. तो सातपुड्यातून हरवला नव्हताच. हरवला होता तो पुस्तकांतून. पायथ्याच्या पाड्यांवर माणसे गुरे चारत होती, लाकूडफाटा आणत होती, आणि त्यांच्या डोक्यावर तो ओरडत होता. त्यांना कोणी विचारले नाही, कारण विचारणाऱ्यांच्या हातात मांडवीचा पत्ता होता.

आता ही कातडी, हे संग्रहालय, हा कर्नल बाजूला ठेवा आणि एवढेच पाहा: संगणकाला ठिपका म्हणजे ठिपका. मांडवीचा ठिपका त्याच्या पुढ्यात टाकला असता, तर मांडवीचा पाऊस, मांडवीचे ऊन आणि मांडवीची झाडी रानपिंगळ्याच्या नावावर त्याने मुकाट्याने जमा केली असती, आणि तिसऱ्याच कोठल्या तरी चौकोनाला लाल रंग फासला असता. आडात खोटे, तर पोहऱ्यात खरे कोठून येणार? पुन्हा त्या लाल रंगाला दशांश चिन्हानंतरचे तीन आकडे चिकटलेले. म्हणजे तर वाद घालायचीही सोय नाही.

खोट्या ठिपक्याहून वाईट गोष्ट एकच, ती म्हणजे कोरा चौकोन. तिची कथाही याच पाखराच्या आयुष्यात पुढे घडली. १९९७ नंतर रानपिंगळा तोरणमाळ, यावल, मेळघाट, पलीकडे मध्य प्रदेशात खंडव्याकडे असा सापडत गेला. सगळे सागाचे कोरडे रान. तेव्हा तज्ज्ञांचे मत ठरून गेले की याचे घर सातपुडा. सह्याद्रीच्या पश्चिम उताराचा ओला मुलूख याचा नव्हे. आणि २०१४ साली तो दिसला कोठे, तर तानसा अभयारण्यात! तानसा म्हणजे ज्या तलावाचे पाणी मुंबई एकोणिसाव्या शतकापासून पीत आली तो. ज्या शहरात १८८३ पासून निसर्ग इतिहास संस्था नांदते आहे, ज्या शहराचे पक्षिनिरीक्षक दर रविवारी दुर्बिणी घेऊन बाहेर पडतात, त्या शहरापासून शंभर किलोमीटरांच्या आत. तेथल्या रानात तो नुकताच उडून आला असेल असे मला वाटत नाही. तो तेथे असेल अशी कोणाला कल्पना नव्हती, म्हणून दिसलेल्या पिंगळ्याला जो तो साधा पिंगळाच समजून पुढे जात असणार. माणसाचे डोळे नकाशा वाचूनच रानात शिरतात.

नकाशा कोरा, म्हणून कोणी जात नाही; कोणी जात नाही, म्हणून नकाशा कोरा. हे चक्र एकदा फिरू लागले की ते थांबवण्याचे सामर्थ्य कोणत्याही गणितात नाही.

आपल्या देशातल्या नोंदी येतात कोठून? हौशी लोकांकडून, आणि त्याबद्दल त्यांचे पाय धुऊन पाणी प्यावे असे मला वाटते. भारतातल्या पक्ष्यांच्या स्थितीचा २०२३ सालचा अहवाल सुमारे तीस हजार पक्षिनिरीक्षकांनी नोंदवलेल्या तीन कोटी नोंदींवर उभा आहे. एवढे काम पगारी माणसांकडून करून घ्यायचे म्हटले असते, तर फायलींवरच घुबडे बसली असती! परंतु हौशी माणूस जातो कोठे? जेथे रस्ता जातो तेथे, जेथे चहा मिळतो तेथे, आणि जेथे काही दिसण्याचा लौकिक आहे तेथे. अभयारण्याच्या फाटकापाशी नोंदींचा खच पडतो आणि फाटकापासून दोन डोंगर पलीकडे सामसूम. तो अहवाल लिहिणारे लोक प्रामाणिक आहेत. हा कल ते हिशेबात धरतात, आणि जेथे सांगता येत नाही तेथे तसे लिहितात. त्यांनी ९४२ जाती तपासल्या. त्यांपैकी गेल्या काही दशकांत चढ झाला की उतार, हे सांगता आले फक्त ३३८ जातींविषयी, आणि त्यांतल्या २०४ उतरणीला लागलेल्या निघाल्या. उरलेल्या ६०४ जातींच्या पुढे त्यांनी निमूटपणे आपले अज्ञान मांडले. शास्त्राची लाज राखणारी माणसे असतात ती अशी.

पण हेच 'सांगता येत नाही' मुंबई-दिल्लीच्या कचेऱ्यांतून प्रवास करू लागले की वाटेत कोठे तरी त्याचे 'नाही' होते. ते कोणत्या टेबलावर होते, हे मला अजून उमगलेले नाही. प्रत्येक टेबल पुढच्या टेबलाकडे बोट दाखवते.

वास्तविक 'नाही' म्हणण्याचेही शास्त्र आहे, आणि ते कष्टाचे आहे. समजा, एखादा बेडूक एका रानात खरोखरच राहतो, पण एका फेरीत तो दिसण्याचा संभव शंभरात तीस एवढाच आहे. (हा संभव मुळीच कमी नाही; पुष्कळ प्राण्यांच्या बाबतीत तो याहून खाली असतो.) तर एकदा जाऊन आलेला माणूस शंभरांपैकी सत्तर वेळा हात हलवीत परत येईल. तीन फेऱ्या केल्या तरी चौतीस वेळा चुकेल. सहा फेऱ्या केल्यावर हे प्रमाण बारापर्यंत उतरते. म्हणजे 'नाही' हा शब्द तोंडातून काढण्याची थोडीफार लायकी यायला त्याच जागी सहा वेळा जावे लागते, आणि तेही बेडूक बाहेर पडतो त्या दिवसांत. चैत्रात बेडूक शोधायला सहाशे फेऱ्या केल्या, तर सहाशेही फुकट.

येथेच मला आपल्या नियमांकडे वळायचे आहे. खाण, कारखाना, धरण असे काही उभारायचे तर परिसरावर त्याचा काय परिणाम होईल, याचा अहवाल द्यावा लागतो. २००६ च्या अधिसूचनेने त्याची सगळी चौकट घालून दिली. अहवालासाठी जी पाहणी करायची, तिच्याबद्दलची रूढ अट अशी: पावसाळा सोडून कोणत्याही एका ऋतूची माहिती गोळा करावी. ही अट ठरवणाऱ्याच्या मनात हवेतली धूळ असावी. पावसात धूळ खाली बसते, मग मोजायची काय? तेवढ्यापुरते ते बरोबरच आहे. परंतु ज्याने धुळीची अट बेडकाला आणि फुलाला लावली, त्याने कोकणचा सडा श्रावणात एकदाही पाहिलेला नाही, हे मी पैजेवर सांगतो.

जांभ्याचा हा उघडा कातळ मे महिन्यात पायातल्या चपलेतून चटके देतो. गवताची काडी नाही, सावली नाही. आणि मृगाच्या पहिल्या सरी पडून गेल्या की आठ-दहा दिवसांत त्याच कातळाच्या भेगांतून दीपकाडी उठते: सरळसोट दांडा आणि त्यावर पांढरी शुभ्र फुले. कोकणपट्टीचे सडे सोडले तर जगात ही दुसरीकडे नाही. खळग्यांत पाणी साठते, त्या बोटभर पाण्यात आणि चिमूटभर मातीत गेंदाचे पांढरे गोंडे दाटीने उभे राहतात. सीतेची आसवे कातळ निळाजांभळा करून टाकतात. नाव इतके हळवे, पण हे रोपटे मुळाशी फुगे लावून बारीक जीव पकडून खाणारे, कारण कातळावर त्याला दुसरे पोषण कोण देणार? आंबोलीच्या सड्यावर एक भेक राहतो. जगातले त्याचे सगळे राज्य त्या एका पठाराच्या आसपास. शास्त्राने त्याला नाव दिले २००९ साली. इतकी वर्षे हजारो माणसे धबधबा पाहायला त्याच्या शेजारून जात होती. हे सगळे वैभव आश्विनात आटोपते. कार्तिक सरेपर्यंत गवत वाळते, बिया भेगांत जाऊन निजतात, बेडूक दगडाखाली शिरतात, आणि पुन्हा काळा कातळ तेवढा उरतो.

आणि मग पाहणी सुरू होते.

सरकारी अट काटेकोर पाळून, खोटे एक अक्षर न लिहिता, कोणीही सज्जन माणूस जानेवारी ते मार्च या तीन महिन्यांत सड्यावर फिरून 'उल्लेखनीय वनस्पती आढळल्या नाहीत' असे लिहू शकतो. लबाडी करण्याचीसुद्धा गरज नाही. तरी काहींना तेवढेही कष्ट जड होतात. रत्नागिरी जिल्ह्यातल्या बॉक्साइटच्या एका खाणीचा अहवाल असाच गाजला. त्यात आसपासचे पक्षी स्प्रूसच्या आणि बर्चच्या अरण्यांत राहत असल्याचे लिहिलेले निघाले! रशियातल्या एका खाणीच्या अहवालातले उतारेच्या उतारे त्यात उतरून घेतले होते. कोकणात बर्च! हापूसला थंडी वाजली असती! वाचून आपण हसलो आणि विसरलो. पण मला त्यात हसण्यापेक्षा दुसरीच गोष्ट दिसते. तो अहवाल लिहिणाऱ्याला, छापणाऱ्याला आणि त्यावर शिक्का मारण्याच्या वाटेवर असलेल्या अनेकांना तो वाचावासाच वाटला नव्हता. कारण तेथे काही नाही, हे त्यांचे आधीच ठरलेले होते. मग 'काही नाही'चे वर्णन रशियन असले काय आणि मालवणी असले काय!

जाता जाता एक गोष्ट सांगून टाकतो. याच पोटखराब्यावर गेल्या काही वर्षांत स्थानिक हौशी मंडळींनी पायपीट करून शेकडो कातळशिल्पे उजेडात आणली. राजापूर तालुक्यात कशेळीच्या सड्यावर कोरलेला हत्ती एवढा प्रचंड आहे की त्याच्या पोटात इतर प्राण्यांची चित्रे मावली आहेत. आज कोकणात नावालाही नसलेला गेंडाही काही ठिकाणी कोरलेला दिसतो. युनेस्कोच्या वारसास्थळांच्या तात्पुरत्या यादीत या शिल्पांचे नाव २०२२ साली दाखल झाले. म्हणजे हजारो वर्षांपूर्वी कोणी तरी त्या सड्यावर बसून आपल्या भोवतीच्या प्राण्यांची नोंद दगडावर करून ठेवली होती, आणि आम्ही तिच्यावर 'येथे काही नाही' म्हणून शेरा मारला.

माझ्या बोलण्यावरून कोणी असे समजेल की नकाशावर सगळीकडे लाल रंग फासला की मला समाधान होईल. मुळीच नाही. कचेरीत बसून फासलेला लाल रंग कोऱ्या चौकोनाइतकाच घातकी असतो, आणि त्याचा दाखला सोलापूरकरांना विचारा. माळढोकासाठी १९७९ साली अभयारण्य जाहीर झाले ते ८,४९६ चौरस किलोमीटरांचे. त्यात गावे आली, शहरे आली, उसाचे मळे आले, साखर कारखाने आले. माळढोक उतरतो मोकळ्या गवताळ माळावर. त्याला बसस्टँड काय करायचे आहे? जमिनीच्या व्यवहारांवर बंधने पडली आणि ज्यांनी आयुष्यात माळढोक पाहिला नव्हता, ते शेतकरी त्याच्या नावाने बोटे मोडू लागले. पुढे हद्द कापून सुमारे बाराशे चौरस किलोमीटरांवर आणली. तोवर व्हायचे ते वैर होऊन गेले होते. आणि माळढोक? आज नान्नजच्या माळावर तो दिसणे ही वर्तमानपत्राची बातमी होते. माळ पायाखाली घालून, पाखरू खरोखर कोठे उतरते ते मोजून हद्द आखली असती, तर पाखरूही बचावले असते आणि शेतकऱ्याची शिवीही वाचली असती.

पायाखाली घालून मोजणारी माणसे गावात नाहीत काय? आहेत. त्यांच्यासाठी कायदाही आहे. २००२ च्या जैवविविधता कायद्यात गावोगाव समिती नेमून लोकांनीच आपल्या शिवारातल्या झाडा-पाखरांची नोंदवही करायची, अशी योजना आहे. माधव गाडगीळांनी ती कल्पना त्याआधीपासून उराशी बाळगली होती. ज्या म्हाताऱ्याने पन्नास पावसाळे एका डोंगरावर गुरे राखली, त्याची साक्ष कोणत्याही उपग्रहाहून मोलाची, हे त्यांचे म्हणणे. आम्ही तिचे काय केले? पंधरा-सोळा वर्षे झोपलो. मग हरित न्यायाधिकरणाने २०१९ साली खडसावले की ३१ जानेवारी २०२० पर्यंत वह्या पुऱ्या करा, नाही तर प्रत्येक राज्याने महिन्याला दहा लाख रुपये भरा. आणि मग काय विचारता! वह्यांचे असे पीक आले की कोठारे पुरेनात. माझ्या पाहण्यात काही आल्या. शेजारशेजारच्या गावांत तीच झाडे, त्याच क्रमाने, शुद्धलेखनाच्या त्याच चुकांसह. गावातल्या म्हाताऱ्याला या खेपेसही कोणी विचारले नव्हते. दहा लाखांचा दंड चुकला, एवढेच त्या वह्यांचे कर्तृत्व. आता उद्या आमच्यापैकी कोणी उत्साही तरुण या वह्यांतले ठिपके संगणकात घालील, आणि माइनर्ट्झहागेनला थडग्यात हसू फुटेल. त्याने एकट्याने चोरून जे केले, ते आम्ही मोहीम काढून केले.

"मग तुमचे म्हणणे तरी काय? सगळी कामे थांबवून पाखरे मोजत बसायचे?" हा प्रश्न मला नेहमी विचारला जातो, आणि विचारणाऱ्याच्या चेहऱ्यावर आपण निरुत्तर केल्याचा आनंद असतो. त्याला माझे उत्तर केरळात आहे. तेथल्या पक्षिमित्रांनी २०१५ ते २०२० या पाच वर्षांत साऱ्या राज्याचा पक्षिनकाशा पायी चालून केला. राज्यावर चौकोनांची जाळी टाकली, आणि कोणत्या चौकोनांत जायचे हे आवडीनिवडीवर न सोडता चिठ्ठ्या टाकल्यासारखे ठरवले. सुमारे चार हजार चौकोन निघाले. प्रत्येकी साधारण सव्वा चौरस किलोमीटरचे. कोणाच्या वाट्याला रबराचे मळे आले, कोणाच्या वाट्याला बाजारपेठ, कोणाच्या वाट्याला जळवांचे रान. हजाराच्या वर माणसे होती, पगार कोणालाच नव्हता. आणि पाहणी वर्षातून दोनदा: एकदा कोरड्या दिवसांत आणि एकदा भर पावसाळ्यात! शेवटी ३६१ जातींच्या सुमारे तीन लाख नोंदी जमल्या. कामे काही थांबली नाहीत. रस्ते झाले, घरे झाली, निवडणुका झाल्या. फक्त आज केरळात एखाद्या चौकोनापुढे कोणी 'नाही' म्हणाला, तर 'केव्हा पाहिले? किती वेळा पाहिले?' असे त्याला विचारता येते.

महाराष्ट्रात मला एवढेच हवे आहे. जो 'नाही' म्हणेल, त्याने त्या शब्दाखाली सही करावी. तारीख घालावी, ऋतू लिहावा, किती फेऱ्या केल्या ते लिहावे. जो नकाशा मांडील, त्याने कोऱ्या चौकोनांना निळा रंग न देता वेगळा रंग द्यावा आणि खाली लिहावे, 'येथे कोणी गेलेले नाही'. मला खात्री आहे की त्या रंगाने आपला निम्मा नकाशा भरून जाईल आणि आमच्या शास्त्राची थोडी अब्रूही जाईल. जाऊ द्या. आणि कोकणच्या, साताऱ्याच्या, कोल्हापूरच्या सड्यांपुरती तरी ती 'पावसाळा सोडून'ची अट उलटी करावी. तेथे पावसाळा सोडून केलेली पाहणी ग्राह्य धरू नये. याला नवा कायदा लागत नाही, कर्ज काढावे लागत नाही. भूमिपूजनाच्या मांडवावर जेवढे उधळतात, तेवढ्यात चार मुले दोन छत्र्या घेऊन आषाढ-श्रावण सड्यावर काढू शकतील.

हे कोणी मनावर घेईल की नाही, मला सांगता येत नाही. सध्या एवढे दिसते: हा अंक तुमच्या हाती पडेल तेव्हा सड्यावरची सोनकी सुकू लागलेली असेल, खळग्यांतले पाणी आटत आले असेल. पंधरा-वीस दिवसांत कातळ पुन्हा काळा पडेल. अहवालवाल्यांच्या जीपा घाटाला लागतात त्या त्याच सुमाराला.